पाव मिलीलीटर

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात साधारण दर पंधरा मिनिटांनी एक मूल जन्माला येतं. आकडा सरकारी नाही, माझा कच्चा हिशोब आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १७,०१,६९८ भरली. हजारी वीस जन्म धरले तर वर्षाला ३४ हजार बाळं होतात, दिवसाला त्र्याण्णव. तेव्हापासून लोकसंख्या वाढली असेल आणि जन्मदर उतरला असेल. दोन्हींची फिटंफाट झाली असं धरून पुढे जाऊ.

दुसरा हिशोब प्रयोगशाळेतला. ई. कोलाय हा जिवाणू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात नांदत असतो. ऊब आणि खाणं मनासारखं मिळालं की वीस मिनिटांत त्याच्या एकाचे दोन होतात. तासाला तीन दुपटी. दहा तासांत तीस दुपटी, म्हणजे एकाचे १०७ कोटी. हेच चोवीस तास चाललं तर सत्तेचाळीसवर वीस शून्यं. एका जिवाणूचं वजन ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाएवढं असतं, तरी हा ढीग ४,७०० टनांचा होईल. अर्थात तसं कधी होत नाही. खाणं संपतं, जागा संपते, आणि माणसाच्या अंगात शिरला असेल तर पांढऱ्या पेशी त्याला चैन पडू देत नाहीत. रक्तात त्याची वाढ प्रयोगशाळेपेक्षा पुष्कळ हळू होते ती यामुळेच. पण नवजात बाळात नेमकी ही पांढऱ्या पेशींची फळीच कच्ची असते.

हे दोन हिशोब जिथे एकमेकांना छेदतात तिथे नवजात बाळाचा सेप्सिस सुरू होतो. जंतू रक्तात उतरतात, शरीर त्यांच्याशी लढताना स्वतःचंच नुकसान करून घेतं आणि एकेक अवयव थकत जातो. वॉर्डाबाहेर बसलेली आजी एवढंच सांगते : बाळाला इन्फेक्शन झालंय, काचेच्या पेटीत ठेवलंय.

बाळ आधीच किती लहान आहे यावर पुढचं सगळं ठरतं. जंतूंशी लढायची प्रतिपिंडं त्याला आईकडून वारेतून मिळतात, आणि त्यांतला मोठा वाटा गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत येतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ही प्रतिपिंडं आईइतकी, कधी तिच्याहूनही थोडी जास्त असतात. सातव्या-आठव्या महिन्यातच बाहेर आलेल्या बाळाकडे ती निम्म्याच्या आसपास. तिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या बाळाच्या कातडीचा वरचा संरक्षक थर जेमतेम दोन-तीन पेशींचा. चिकटपट्टी ओढली तरी सोलवटतो. आपल्याकडे जुन्या बायका म्हणतात, सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. सम-विषमाचा हा धाक कुठून आला कोण जाणे. आकडे याच्या बरोबर उलट आहेत : पोटात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्यानं जगण्याची शक्यता वाढतच जाते.

एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त साधारण ९० मिलीलीटर, म्हणजे टपरीवरचा एक कटिंग चहा. सेप्सिसची खात्री करायची तर त्यातलं निदान एक मिलीलीटर काढून कल्चरला लावावं लागतं. मोठ्या माणसाच्या हिशोबात हे पंचावन्न मिलीलीटर रक्त एकदम काढून घेण्यासारखं झालं. बरं, काढलेल्या त्या एका मिलीलीटरमध्ये जंतू सापडतीलच असंही नाही. कित्येक बाळांच्या रक्तात मिलीलीटरमागे दहाहूनही कमी जंतू असतात, आणि तेवढे बाळाला खाली ओढायला पुरतात. कल्चरचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात. तेवढा वेळ कुणाकडे नसतो, म्हणून डॉक्टर निकालाची वाट न बघता औषध सुरू करतात. शत्रूचं नाव कळायच्या आत गोळीबार सुरू करावा लागतो, आणि पुष्कळदा ते नाव शेवटपर्यंत कळत नाही. बांगलादेश, भारत आणि पाकिस्तानातल्या ६३ हजारांहून अधिक बाळांचा मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर हजार जन्मांमागे सुमारे ९५ वेळा गंभीर जंतुसंसर्गाची शक्यता दिसली. अद्ययावत चाचण्या हाताशी असूनही कारणाचा छडा लागला तो फक्त २८ टक्के वेळा. त्यातही बरेच विषाणू निघाले, ज्यांच्यावर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही.

आता मोठे आकडे. २०२२ मध्ये जगभरात २३ लाख बाळं जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावली. १९९० मध्ये हाच आकडा पन्नास लाखांच्या घरात होता, म्हणजे बत्तीस वर्षांत तो निम्म्याहून खाली आला, आणि हे मानवजातीनं केलेल्या मोठ्या कामांपैकी एक आहे असं मला वाटतं. त्याचा उत्सव मात्र कुणी केला नाही. भारताचा वाटा वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास, दिवसाला बाराशे, तासाला पन्नास. अशा मृत्यूंतले तीन-चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. घरात पाचवी पुजली जाते, सटवाई नशीब लिहायला येणार म्हणून रात्र जागवली जाते, ती नेमकी याच आठवड्यात. ज्यांनी ही चाल पाडली त्यांच्याकडे तक्ते नव्हते, पण धोक्याचे दिवस कुठले हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एवढ्या आकड्याचं काही वाटून घेणं मनाला जमत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. सारा देश हळहळला, पंतप्रधानांपासून सगळ्यांचे शोकसंदेश आले, चौकशी बसली. ते योग्यच होतं. पण तासाला पन्नास हा हिशोब पुन्हा मांडला तर देशात दर बारा मिनिटांनी दहा बाळं जातात. त्यांना धूर नसतो, कॅमेरा नसतो, आणि मुख्य म्हणजे ती एका छताखाली नसतात.

भंडारा वैनगंगेच्या काठी आहे. बालाघाटही. ही नदी शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटातून खाली उतरते, गोंदिया-भंडाऱ्याच्या भातखाचरांतून जाते आणि शेवटी गडचिरोलीच्या कडेनं वाहत वर्धेला मिळते. बालाघाट १९५६ पर्यंत नागपूरच्या कारभारातला. नकाशावर रेघ ओढली गेली तरी लांजी, कटंगी, वाराशिवनीकडच्या घराघरांतून मराठी आणि पोवारी बोलली जाते, आणि अडलेली बाळंतीण घेऊन गाडी आजही गोंदियाला, जमलं तर नागपूरला धावते. या नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी खालच्या अंगाला काय झालं ते बघावं, असं मला फार वाटतं. कारण नवजात बाळाच्या सेप्सिसचं गणित जगात पहिल्यांदा नीट सुटलं ते खाली, गडचिरोलीत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली तेव्हा जिल्ह्याचं वय अवघं चार वर्षांचं होतं. आधी त्यांनी हात घातला तो बालकांच्या न्यूमोनियाला. न्यूमोनिया ओळखायची खूण सोपी : बाळाचा श्वास मोजायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा चालला तर धोका. अडचण अशी की गावात बाळाजवळ सर्वांत आधी पोचणारी बाई म्हणजे सुईण, आणि पुष्कळ सुईणींचं मोजणं बाराच्या पुढे जात नव्हतं. डझन, बस्स. यावर जे उपकरण निघालं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत बुद्धिमान यंत्र वाटतं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. घड्याळ उलटायचं आणि बाळाच्या पोटाकडे बघत श्वास मोजायचे. दहा झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरू. लहान बाळासाठीच्या ओळीत सहा मणी, मोठ्यासाठी पाच. वाळू संपायच्या आत सगळे मणी सरकले तर बाळ आजारी. साठपर्यंत मोजता न येणारी बाई साठ मोजत होती, आणि तिला ते साठ आहेत हे माहीत असण्याची गरजच नव्हती.

न्यूमोनियाचे मृत्यू खाली आले, पण नवजात बाळं जातच होती. म्हणून पुढचा प्रयोग त्यांच्यासाठी. ३९ गावांत काम करायचं, ४७ गावं तुलनेसाठी नुसती मोजत राहायची. प्रत्येक गावातली एक बाई निवडली, शाळेच्या पाच-दहा इयत्ता शिकलेली. पहिलं वर्ष, १९९५-९६, तिनं फक्त बघायचं आणि लिहायचं होतं. सुईणीबरोबर बाळंतपणाला हजर राहायचं, नंतर ठरल्या दिवशी घरी जायचं, वजन, ताप, श्वास, दूध ओढणं सगळं टिपायचं. त्या वर्षी ७६३ बाळांची अशी नोंद झाली. तिच्यातले आकडे अजूनही झोप उडवतात. ५४.४ टक्के बाळांना महिनाभरात कधी ना कधी वैद्यकीय उपचारांची गरज पडली. उपचार मिळाले २.६ टक्क्यांना. चाळीस बाळं दगावली, आणि एकेका मृत्यूची छाननी केली तेव्हा एकवीस मृत्यूंचं मूळ कारण सेप्सिस किंवा न्यूमोनिया निघालं. निम्म्याहून जास्त.

गरज आणि उपचार यांच्यामधली ही दरी पैशाची किंवा अंतराची एवढीच नव्हती. बाळंतीण आणि बाळ कोंदट खोलीत, बाहेर काढायचं नाही. बाळ मलूल पडलं तर बाहेरची बाधा. आणि बाळाला ताप असेलच असं नाही, ही या आजाराची सर्वांत मोठी फसवणूक. मोठं माणूस जंतुसंसर्गानं तापतं. नवजात बाळ, त्यातही कमी दिवसांचं, पुष्कळदा गार पडतं. अंगाला हात लावून ‘ताप नाही’ म्हणत घर निवांत होतं आणि तास निघून जातात.

गडचिरोलीनं याला सात खुणांची यादी केली. आधी नीट रडणारं बाळ बारीक रडू लागलं किंवा रडायचं थांबलं. नीट दूध ओढणारं ओढेनासं झालं. जागं असायचं ते सुस्त, बेशुद्ध झालं. अंग गार किंवा तापलेलं. बेंबीत किंवा कातडीवर पू. सतत उलट्या, जुलाब किंवा फुगलेलं पोट. कण्हणं किंवा छाती खोल आत ओढली जाणं. सातांतल्या कुठल्याही दोन एकदम दिसल्या की सेप्सिस धरायचा. आधी दवाखान्यात जा म्हणून सांगायचं. घरचे नाही म्हणाले, आणि बहुतेक नाहीच म्हणत, तर त्यांची संमती घेऊन तिथेच, घरातच उपचार : जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबत कोट्रायमोक्झाझोलचं पातळ औषध. यादीतला ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बारीक रडणारं बाळ जन्मापासूनच बारीक रडत असेल तर गोष्ट वेगळी. बदल ओळखायचा तर कालचं बाळ पाहिलेलं हवं, आणि शहरातल्या डॉक्टरनं कालचं बाळ पाहिलेलं नसतं. गावातल्या बाईनं पाहिलेलं असतं.

आता तो पाव मिलीलीटर. जेंटामायसिनची नेहमीची कुपी दोन मिलीलीटरची, तिच्यात ८० मिलिग्रॅम औषध. बाळाला किलोमागे दिवसाला पाच मिलिग्रॅम हे आज रूढ असलेलं प्रमाण धरलं तर दोन किलोच्या बाळाला दहा मिलिग्रॅम, म्हणजे पाव मिलीलीटर, म्हणजे पाच थेंब. कुपीत औषध त्याच्या आठपट. हात चुकला आणि कुपी रिकामी झाली तर मूत्रपिंड आणि कान जायची भीती. कमी गेलं तर जंतू जिंकले. गावातल्या सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हाती हे द्यायचं म्हटल्यावर वैद्यकीय जगात भुवया उंचावल्या नसत्या तरच नवल. अगदी न्याय्य शंका होती ती. पण त्या शंकेची दुसरी बाजू कुणी मोजत नव्हतं : इंजेक्शन न दिल्यास किती जातात?

ते गडचिरोलीत मोजलेलं होतं. गावातल्या बाईच्या हाती औषध नव्हतं तेव्हा सेप्सिसच्या १६३ बाळांपैकी २७ दगावली, म्हणजे १६.६ टक्के. तिनं औषध द्यायला सुरुवात केल्यावर ७१ बाळांपैकी २, म्हणजे २.८ टक्के. टक्केवारी वाचताना हे विसरायला होतं की एका रकान्यात सत्तावीस आहेत आणि दुसऱ्यात दोन; एवढ्याशा बोटांवरच्या संख्या, पण फरक योगायोगानं पडलेला नाही हे संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरलं. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला होता. नुसत्या मोजलेल्या ४७ गावांत तो ५९.६ होता. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर, तेव्हाच्या भावानं दोनशे रुपयांच्या थोडा वर. दर अठरा बाळांची काळजी घेतली की त्यात एक मृत्यू टळला. डिसेंबर १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि त्यानंतर आफ्रिका-आशियात घरोघरच्या नवजात सेवेच्या ज्या योजना निघाल्या, त्यांची मुळं शोधत गेलं तर ती वैनगंगेच्या काठी निघतात.

मग बालाघाटात, आणि देशात, हे लागू झालं का? झालं, आणि नाहीही. २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरगुती नवजात बाल सेवा देशभर सुरू केली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची सातवी भेट. वजन, ताप, खुणा, सगळं गडचिरोलीसारखंच. फक्त सुई वगळली. आशाताईनं बाळ ओळखायचं आणि वर पाठवायचं. २०१४ मध्ये एक खिडकी उघडली गेली : दवाखान्यात नेणं शक्यच नसेल किंवा घरचे नकार देत असतील तर नर्सबाईला, म्हणजे एएनएमला, जेंटामायसिन द्यायची परवानगी मिळाली. आशाताईला नाही. माझं मत विचाराल तर प्रयोगातला जो भाग सर्वांत जास्त जीव वाचवत होता तोच धोरणात आल्यावर सर्वांत पातळ झाला.

मात्र धोरण करणाऱ्यांची बाजू नुसती भित्रेपणाची नव्हती. तोवर जमीनच हलली होती. २००५ च्या सुमारास देशात दवाखान्यातली बाळंतपणं ३८.७ टक्के होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ८८.६ टक्के झाली. मध्य प्रदेशात तर नव्वदीच्या पुढे. आईला पैसे, फुकट गाडी, फुकट औषधं, आणि जिल्ह्याजिल्ह्यात नवजात बाळांसाठीचे विशेष कक्ष. आज देशात असे नऊशेहून अधिक कक्ष आहेत आणि वर्षाला दहा लाखांहून जास्त बाळं त्यांत दाखल होतात. बैहरच्या डोंगरातून बालाघाटला यायला गाडीनं दोन तास लागले तर जंतूंच्या हिशोबात, प्रयोगशाळेच्या वेगानं, सहा दुपटी, चौसष्टपट. तरी गाडी आहे, आणि पोचल्यावर पेटी आहे. पूर्वी दोन्ही नव्हतं.

पण बाळं दवाखान्यात आली, तशी तिथल्या जंतूंच्या तावडीतही सापडली. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात ८८,६३६ जन्मांचा मागोवा घेतला गेला. त्यातली १३,५३० बाळं अतिदक्षतेत दाखल झाली. दाखल बाळांत सेप्सिस १४.३ टक्के. ज्यांच्या रक्तात जंतू सापडले त्यातली जवळजवळ निम्मी, ४७.६ टक्के, वाचली नाहीत. जंतू कुठले? सर्वांत वर ॲसिनेटोबॅक्टर, मग क्लेबसिएला, मग ई. कोलाय. पहिला हा दवाखान्याचा खास रहिवासी : नळ, पाण्याची भांडी, श्वासयंत्राच्या नळ्या, कोरडे पृष्ठभाग, कुठेही आठवडेच्या आठवडे टिकतो. त्याचे ८२ टक्के नमुने अनेक प्रतिजैविकांना पुरून उरलेले निघाले. आणि दोन-तृतीयांश सेप्सिस पहिल्या बहात्तर तासांतला होता. जन्माच्या खोलीतच किंवा तिथून पेटीपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी लागण.

जुन्या निरीक्षणांनुसार अतिदक्षता कक्षातल्या बाळाला दिवसातून शंभराहून अधिक वेळा हाताळलं जातं. सुई, नळी, लंगोट, तपासणी, फोटोथेरपीसाठी कूस बदलणं. त्यातल्या नव्याण्णव वेळा हात धुतले आणि एकदा विसरले तर शेकडेवारी उत्तम, परिणाम शून्य. एका पाळीला दोन नर्स आणि वीस बाळं असतील तर हात धुण्याच्या तक्त्यावर भाषण देणं सोपं असतं.

जगभर हेच. २०१८ ते २०२० मध्ये अकरा देशांतल्या एकोणीस रुग्णालयांत सेप्सिसच्या ३,२०४ बाळांचा अभ्यास झाला. डॉक्टरांनी त्यांच्यावर प्रतिजैविकांच्या दोनशेहून अधिक वेगवेगळ्या जोड्या वापरलेल्या आढळल्या. एका आजारावर दोनशे प्रकारचे उपचार होतात तेव्हा खात्रीचा एकही हाताशी नाही, असाच त्याचा अर्थ. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात वर्षाला सुमारे २ लाख १४ हजार नवजात बाळं जातात, असा २०१६ चा एक अंदाज आहे. त्यातली पन्नास हजारांहून अधिक भारतातली. आणि औषध कंपन्यांच्या दृष्टीनं हे गिऱ्हाईक फारच लहान : २००० सालानंतर मोठ्या माणसांसाठी चाळीस प्रतिजैविकांना मंजुरी मिळाली, त्यातल्या फक्त चारांच्या वेष्टनावर नवजात बाळाला किती द्यायचं हे लिहिलेलं आहे. १९६३ मध्ये सापडलेलं जेंटामायसिन अजून पहिल्या फळीत का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

म्हणूनच नव्या औषधापेक्षा जंतू शिरूच नये यासाठीच्या साध्या उपायांचे आकडे मला जास्त खुणावतात. ओडिशातल्या १४९ गावांत साडेचार हजारांहून अधिक सुदृढ बाळांपैकी काहींना जन्मानंतर सात दिवस लॅक्टोबॅसिलस या चांगल्या जिवाणूचा डोस दिला, बाकीच्यांना नुसती तशी दिसणारी पूड. सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. खर्च बाळामागे डॉलरच्या आसपास. आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ३,२११ कमी वजनाच्या बाळांपैकी साधारण निम्म्यांना जन्मल्याबरोबर, तब्येत स्थिर व्हायची वाट न बघता, आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवून बघितलं. मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर. सेप्सिसही कमी. बाळाच्या अंगावर आधी आईचे जंतू वस्तीला आले की दवाखान्याच्या जंतूंना जागा कमी उरते, आणि आईचं दूध तोंडाशीच असतं. यासाठी एकच बदल करावा लागला : आईला नवजात कक्षाच्या दाराबाहेर बसवायचं सोडून आत खाट द्यावी लागली. आपल्या बहुतेक कक्षांत तिला अजून चप्पल काढून, ठरल्या वेळी, पाच मिनिटं.

परत बालाघाटकडे येऊ. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत मध्य प्रदेशाचा नवजात मृत्युदर हजारी ३१, महाराष्ट्राचा ११, केरळचा ४. जिल्ह्याचा स्वतःचा दर राज्याच्या सरासरीहून थोडा वरखाली असणार, पण नमुन्यादाखल ३४ हजार जन्मांना हे तिन्ही दर लावून बघा. मध्य प्रदेशाच्या दरानं वर्षाला सुमारे १,०५० बाळं. महाराष्ट्राच्या दरानं ३७५. केरळच्या दरानं १३६. रोजचा हिशोब केला तर पहिल्यात दिवसाला तीन, दुसऱ्यात एक. नदी तीच, धान तेच, सोयरिकी दोन्हीकडच्या; नकाशावरची एक रेघ ओलांडली की सरासरीनं रोजची दोन बाळं वाचतात. आणि गंभीर जंतुसंसर्गाची शंका यावी अशी बाळं, हजारी ९५ पासून ते गडचिरोलीत जितक्या बाळांना सेप्सिस झाला त्या सतरा टक्क्यांपर्यंत कुठलाही आकडा धरा, जिल्ह्यात दिवसाला नऊ ते सोळा. ती सगळी कुणाच्या ना कुणाच्या नजरेला पडली पाहिजेत, आणि ‘आधी नीट रडत होतं’ हे ठाऊक असलेल्या कुणाच्या.

ते काम आशाताईचं. बेचाळीस दिवसांत सहा भेटी, प्रत्येक भेटीत वजन, ताप, श्वास, भरायचा फॉर्म, आजीशी थोडी हुज्जत, आणि सगळ्या भेटी पुऱ्या झाल्यावर मिळणारा मोबदला या योजनेत ठरला तो एका बाळामागे २५० रुपये. भेटीमागे एक्केचाळीस रुपये सहासष्ट पैसे.